पाठीमागचा आवाज

लुडविक श्टेरले फारसा बोलणारा माणूस कधीच नव्हता. टॅकोना या उत्तरेकडच्या खाणीच्या गावात सगळे त्याला लुड म्हणत. लुडला काही विचारायचं असेल तर आधी कॉफी मागवावी, ती थंड झाली की उत्तर येतं, असं खाणीच्या फाटकासमोरच्या हॉटेलात गमतीनं म्हटलं जाई. त्याच्या वाटचं बोलायचं काम ऑर्विल हाताया करायचा. ही वाटणी लहानपणीच होऊन गेली होती आणि दोघांनाही ती सोयीची होती.

दोघंही खाणकामगारांची मुलं. लुडचे वडील स्लोव्हेनियातून आलेले, ऑर्विलचे आजोबा फिनलंडमधून. नोव्हेंबर लागला की शाळेमागच्या मैदानात बंबवाले नळीनं पाणी सोडून ठेवत आणि मार्चपर्यंत तिथे काचेसारखा बर्फ असे. गावातली सगळी पोरं त्यावर हॉकी खेळायची. गोल करायची हौस सगळ्यांनाच होती, त्यामुळे मागे थांबायला कोणी तयार नसायचं. लुड थांबायचा. त्याला मागेच बरं वाटे. लुड थांबतो म्हणून ऑर्विलही थांबू लागला, आणि अशी ती जोडी जमली.

बर्फावरच्या हॉकीत बचावाला दोघं असतात. रबराची चकती आपल्या बाजूच्या कोपऱ्यात गेली की त्यातल्या एकानं ती आणायला जायचं. जाताना त्याचं तोंड लाकडी कठड्याकडे असतं आणि पाठ साऱ्या मैदानाकडे. मागून दुसऱ्या संघाचा गडी सुसाट येत असतो. तो किती लांब आहे, कुठल्या खांद्यावरून येतोय, हे जाणाऱ्याला दिसत नाही. वळून बघावं तर तेवढ्यात चकती हातची जाते, पायांचा तोल जातो, आणि नेमका तेव्हाच धक्का बसतो. म्हणून वळून बघायचं नाही. बघायचं काम जोडीदाराचं. तो मागून हाक देतो. गडी अंगावर येत असेल तर "आला!", वेळ असेल तर "निवांत!" त्या एका शब्दावर पुढच्यानं आपली मान, बरगड्या, गुडघे सगळं सोपवायचं.

कोपऱ्यात लुड जायचा. हाक ऑर्विल द्यायचा.

ऑर्विलचा आवाज घोगरा होता, जरा नाकातून येणारा. हजारो लोकांच्या आरड्याओरड्यातही तो लुडच्या पाठीला जाणवे. लुडला तो शब्द कानांनी ऐकावा लागत नसे, असं म्हटलं तरी चालेल. "निवांत!" आलं की त्याचे खांदे आपोआप सैल पडत, "आला!" आलं की अंग आपोआप कठड्याला टेके.

शाळेच्या संघातून दोघं पैसे घेऊन खेळायच्या खालच्या साखळी स्पर्धेत गेले. बसमधून रात्रंदिवस प्रवास, डब्यातली थंड सॉसेजं, एका खोलीत दोघं. तिथून वरच्या साखळीत बोलावणं आलं तेही दोघांना मिळूनच. मोठ्या शहरांतली मैदानं, दिव्यांचा लखलखाट, पण लुडचं काम तेच राहिलं. समोरचा काठी उगारून चकती हाणायला निघाला की आडवं पडायचं आणि ती अंगावर घ्यायची. नडगीवर, बरगडीवर, एकदा जबड्यावर. त्या काळी डोक्याला शिरस्त्राण नसे. पुढचे चार दात गेल्यावर तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या बापाला दगड फोडायचे पैसे मिळतात. तुला कशाचे मिळतात, अंगावर घ्यायचे?"

वर्तमानपत्रात त्याचं नाव क्वचितच यायचं. त्यानं गोल केले तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. "याचा या वर्षीचा गोल मी बघितलाय," ऑर्विल हॉटेलात सगळ्यांना सांगायचा. "समोरचा गोलरक्षक बुटाचे बंद बांधत होता."

"बांधत नव्हता," लुड म्हणायचा.

"मग काय करत होता?"

"आवळत होता."

अशी बरीच वर्षं गेली. मग एका फेब्रुवारीत, बाहेरगावच्या सामन्यासाठी मुक्काम असताना, सकाळी नाश्त्याच्या टेबलावर ऑर्विलला फोन आला. संघानं त्याला खेळाडूंच्या अदलाबदलीत पश्चिमेकडच्या दुसऱ्या एका संघाला देऊन टाकलं होतं. दुपारच्या विमानानं जायचं होतं. हॉटेलच्या दारात बॅग घेऊन उभा राहिलेला ऑर्विल त्या दिवशी, कधी नव्हे तो, शब्द शोधत होता.

"तो नवा पोरगा बरा आहे," तो शेवटी म्हणाला. "डोळे चांगले आहेत त्याचे. ऐकत जा त्याचं."

"हं," लुड म्हणाला.

नवा पोरगा क्विबेककडचा होता, बोशां नावाचा. खरंच चांगला होता. त्याच मोसमाच्या अखेरीला एका सामन्यात चकती कोपऱ्यात गेली, लुड तिच्यामागे गेला, आणि बोशां मागून ओरडला, "आला! आला!" हाक वेळेवर होती, स्पष्ट होती. लुडनं ती ऐकलीसुद्धा. पण गर्दीतून कोणीतरी ओरडावं तशी ती त्याच्या कानांवरून गेली. त्याची पाठ दुसऱ्याच आवाजाची वाट बघत थांबली होती. क्षणभरच थांबली असेल. मग मागून आलेल्या गड्यानं त्याला कठड्यावर दाबलं आणि डावा गुडघा आतल्या बाजूला फिरला.

तो गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. बोशां इस्पितळात येऊन रडला. "मी उशीर केला का?" त्यानं विचारलं.

"नाही. तू बरोबर होतास," लुड म्हणाला. घरी आल्यावर बायकोला, मिल्काला, त्यानं एवढंच सांगितलं, "त्यानं हाक दिली होती. मी दुसऱ्याची वाट बघत होतो." 

खाणीत त्याला मोठा ट्रक चालवायचं काम मिळालं. ताठ पाय बाजूला ठेवून बसता येईल अशी सीट त्यानं स्वतः वेल्डिंग करून घेतली. काही वर्षांनी ऑर्विलही खेळ सोडून गावी परतला आणि त्यानं खिळे-मोळे, रंग, फावडी विकायचं दुकान टाकलं. दुकान चाललं ते मालापेक्षा त्याच्या गप्पांवर. तळ्याकाठी त्याचं घर, घरामागे उतारावर आजोबांनी लाकडी ओंडक्यांची बांधलेली सौना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची छोटी खोली. दर शनिवारी दोघं तिथे त्या तापलेल्या अंधारात बसायचे. ऑर्विल बोलायचा, लुड वाफेसाठी चुलीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकायचा. ऑर्विलची बायको हेल्मी वारली त्या शनिवारीसुद्धा ते बसले. 

दोघं म्हातारे झाल्यावर, जानेवारीतल्या एका सकाळी ऑर्विल अर्धांगाचा झटका येऊन स्वयंपाकघरात कोसळला. जवळच्या डुलुथ शहरातल्या इस्पितळातून तो घरी आला तेव्हा त्याचा उजवा हात लोंबत होता, उजवा पाय ओढला जात होता आणि बोलणं पूर्ण गेलं होतं. उरला होता फक्त एक शब्द, तोही शिवी. "पेर्केले." फिनिश माणूस बोटावर हातोडी बसली की म्हणतो ती. ऑर्विल पाणी मागायलाही तेच म्हणे, नको म्हणायलाही तेच. आणि अजून एक झालं होतं. त्याला उजवीकडचं दिसेनासं झालं होतं. डोळे धड होते, पण उजवीकडचं अर्धं जग पुसून गेलं होतं. ताटातलं डावीकडचं सगळं संपे आणि उजवीकडचे बटाटे तसेच राहत.

त्याची मुलगी मार्लिस शहरात शाळेत शिकवायची. ती रजा घेऊन आली होती. तिनं वडिलांचं सगळं केलं, तक्रार न करता केलं, पण रजा मे महिन्यात संपणार होती. डुलुथच्या एका वृद्धाश्रमात तिनं जागा बघून ठेवली. ऑर्विलला बोलता येत नव्हतं, समजत मात्र सगळं होतं.

"बाबा, मी तरी काय करू?" ती म्हणाली. "तुम्हाला काय हवंय ते सांगा तरी."

ऑर्विलनं डावा हात उचलून खिडकीबाहेर दाखवलं. खाली, उतारावर, बर्फात अर्धी बुडालेली सौना होती.

रोज व्यायाम करून घ्यायला येणारी जोलीन तिथेच होती. ती म्हणाली, "मागच्या पायऱ्या उतरून तिथवर, कोणी न धरता गेले, तर घरी राहायला माझी हरकत नाही. नाहीतर मी कुठल्या तोंडानं हो म्हणू?"

"तळ्यावरचा बर्फ फुटेपर्यंत," मार्लिस म्हणाली. "तोवर जमलं तर राहा. नाही जमलं तर डुलुथ. ठीक आहे?"

"पेर्केले," ऑर्विल म्हणाला, आणि या वेळी त्याचा अर्थ होकार आहे हे सगळ्यांना कळलं.

लुड रोज यायचा. तीन घरं सोडून तर त्याचं घर. पण येऊन करायचा काय? खुर्चीत बसायचा. बोलणारा बोलेनासा झाला होता आणि न बोलणाऱ्याला बोलायची सवय नव्हती. एकदा ऑर्विलनं कप फेकून मारला. लुडनं तुकडे गोळा केले आणि पुन्हा खुर्चीत बसला.

चालणं काही जमत नव्हतं. जोलीन कमरेचा पट्टा धरून उजव्या बाजूनं चालायची. ऑर्विल दारापर्यंत यायचा, तिथे थांबायचा, मान वळवायचा, उजवा खांदा चौकटीवर आपटायचा आणि शिव्या देत खाली बसायचा. रोज तेच. लुड कोपऱ्यातून बघत होता. बघता बघता एक दिवस त्याला ती मान ओळखीची वाटली.

संध्याकाळी जेवताना त्यानं काटा खाली ठेवला. "तो वळून बघतो," तो म्हणाला.

"कोण?" मिल्का म्हणाली.

"ऑर्विल. म्हणून पडतो. त्याच्यामागे कोणी नाही."

मिल्का अक्रोड भरलेला गोड पाव कापत होती. तिनं सुरी थांबवली. "मग जा की मागे. इथे बसून मला काय सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी लुड ऑर्विलच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. जोलीननं पट्टा धरला होता. समोर रिकामी खोली होती, वाटेत काही नव्हतं. आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. लुडच्या तोंडून तो खाकरल्यासारखा पुटपुटत आला.

"जोरात, लुड," जोलीन म्हणाली. "मलाच ऐकू आलं नाही, त्यांना काय येणार?"

"निवांत," लुड म्हणाला.

ऑर्विलची पाठ ताठ झाली.  मग त्याच्या तोंडून हळूच "पेर्केले" निघालं. ती शिवी नव्हती. काय होतं ते लुडला सांगता आलं नसतं.

पण सुरुवातीला लुडला हे काम येईना. टेबल आलं की तो "टेबल!" म्हणायचा, तोवर ऑर्विलचा खांदा टेबलाला लागलेला असायचा. दार आलं की "दार!", आणि लगेच आपटल्याचा आवाज. ऑर्विल वैतागून डावी मूठ भिंतीवर आपटायचा. घरी जाताना लुड विचार करू लागला. तेव्हा ऑर्विलची हाक कधी यायची? धोका आला की? नाही. लुडचा पाय कोपऱ्याकडे वळायच्या आधीच यायची. म्हणजे तो आधीपासून बघत असायचा. आपण चकतीवर नजर लावून पळत असताना हा माणूस सबंध मैदानावर आपल्यासाठी डोळे ठेवून असायचा, वर्षानुवर्षं. लुडला हे कधी सुचलंच नव्हतं. आवाज येतो म्हणजे येतो, असंच तो समजून चालला होता. त्या संध्याकाळी तो ऑर्विलच्या घरी गेला आणि मागच्या दारापासून सौनापर्यंत एकटाच चालून आला, उजवा डोळा हातानं झाकून. खिडकीतून मार्लिस बघत होती.

"लुडकाका, काही हरवलं का?" तिनं दार उघडून विचारलं.

"नाही," लुड म्हणाला. "बघून ठेवतोय."

मग हळूहळू जमत गेलं. लुड आधी सांगू लागला. पुढे काय आहे ते आधी, मग पाऊल. "डावीकडे मोकळं. उजवीकडे खुर्ची, डावीकडे सरक. निवांत." ऑर्विल मान समोर ठेवून चालू लागला. जोलीननं पट्टा ढिला धरला, आणि मग एक दिवस सोडून दिला. ते तिनं दोघांनाही सांगितलं नाही.

मे महिना लागला. तळं राखाडी झालं, मग काळपट, आणि काठाकाठानं बर्फ सुटायला लागला. मार्लिस काही म्हणाली नाही, पण वृद्धाश्रमातून फोन येऊन गेला होता. बुधवारी सकाळी जोलीन म्हणाली, "आज बघूया."

तिघी बायका, मार्लिस, जोलीन आणि मिल्का, मागच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. ऑर्विलनं डाव्या हातानं कठडा धरला. त्याच्यामागे ताठ पाय ओढत लुड.

"पायरी," लुड म्हणाला. "अजून एक. शेवटची. निवांत."

खाली वाट चिखलाची होती. ऑर्विल सावकाश निघाला, उजवा पाय ओढला की चिखलात लांब रेघ उठे. अर्ध्यावर वाट उजवीकडे वळते, तिथे लाकडांची रास आहे. उजवीकडे, म्हणजे ऑर्विलला जिथलं काहीच दिसत नव्हतं तिथे. "उजवीकडे लाकडं," लुडनं आधीच सांगितलं. "डावीकडून जा. वळ आता."

ऑर्विल वळू लागला आणि तेवढ्यात सौनाच्या छपरावरचा उरलेला बर्फ एकदम सुटला. धाडदिशी मोठा लोट उजव्या बाजूला कोसळला. ओट्यावर मार्लिस "बाबा!" म्हणून पुढे धावली, जोलीननं तिला दंडाला धरलं. ऑर्विलचा देह शहारला. त्याची हनुवटी उजवीकडे सरकू लागली.

"निवांत!"

एवढ्या मोठ्यानं लुड आयुष्यात कधी ओरडला नव्हता. तळ्यावरून तो शब्द परत आला.

ऑर्विलची हनुवटी थांबली. खांदे हळूहळू खाली आले. पाठीमागे वळून न बघता त्यानं डावा पाय पुढे टाकला, मग उजवा ओढला. सौनाच्या दाराशी पोचून त्यानं कडीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला, कपाळ दाराला टेकवून.

परत कसं यायचं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळी आत जाऊन त्या थंडगार बाकांवर बसली. ऑर्विलनं चुलीकडे बोट केलं.

"बाबा, आज बुधवार आहे," मार्लिस डोळे पुसत म्हणाली.

"पेर्केले."

"तो म्हणतो पेटवा," लुड म्हणाला.

"तेवढं मला कळलं, लुडकाका." मग ती गंभीर झाली. "पण रोज यांच्या मागे कोण राहणार? तुमचंही वय झालंय. मी शहरात. रोज, काका. हिवाळ्यातसुद्धा."

लुडनं चुलीत एक लाकूड सरकवलं. 

"मी," तो म्हणाला.

"जाऊ दे गं त्याला," मिल्का म्हणाली. "घरी तरी काय दिवे लावतो?"

मार्लिसनं डुलुथची जागा सोडली. रात्रीला एक बाई ठेवली, दुपारचं जेवण मिल्काकडून येई. बाकीचा दिवस लुडचा. शनिवारी सौना. आता दगडांवर पाणी टाकायचं काम ऑर्विल डाव्या हातानं करायचा आणि बोलायचं काम लुडकडे आलं होतं. तो काय काय सांगायचा देव जाणे. पण बाहेर वाटेवरून जाणाऱ्यांना आतून त्याचा आवाज येई आणि अधूनमधून ऑर्विलचा तो एक शब्द. कधी हसण्यासारखा, कधी भांडल्यासारखा.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या मार्चमध्ये ऑर्विल स्वतःच्या पलंगावर, झोपेत गेला. चर्चमध्ये गाव जमलं, कॉफी झाली, म्हातारे खेळाडू लांबून आले. कोणीतरी लुडला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला आणि तसाच खाली बसला. 

पुढच्या शनिवारी दुपारी लुड नेहमीसारखा तळ्याकाठच्या घरी गेला. किल्ली त्याच्याकडेच होती. सौना पेटवायची म्हणून तो मागच्या पायऱ्या उतरला. मिल्का टॉवेल घेऊन ओट्यावर थांबली होती. तिला त्याला एकटं सोडायचं नव्हतं.

लाकडांच्या राशीपाशी वाट वळते तिथे लुड थांबला. काही सांगायला तोंड उघडावं तसं त्यानं उघडलं. समोर वाट रिकामी होती. ताज्या बर्फावर पावलं नव्हती, ओढलेल्या पायाची रेघ नव्हती. त्याला पुढेही जाता येईना आणि मागेही. मान मात्र हळूहळू खांद्याकडे वळू लागली.

मिल्कानं पन्नास वर्षांत हॉकीतला एक शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. ओट्याच्या कडेला येऊन ती मोठ्यानं म्हणाली, "निवांत, लुड. कोणी नाही."

त्यानं वळून बघितलं नाही. ताठ पाय उचलला आणि तो दाराकडे चालू लागला.